कूपरेजवरचे अकरा टच

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की एवढा वेळ कानाला लावून ठेवायला जमत नाही, लिहून टाक. म्हणून या वेळचा अख्खा एपिसोड लिहून टाकतोय. बोललोय तसंच ठेवलंय. फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे काढलेत.

गोष्ट डिसेंबरातली आहे. १४ डिसेंबर २०२५, रविवार. मेस्सी मुंबईत वानखेडेवर आला, ते तुम्ही सगळ्यांनी रील्समध्ये बघितलं असेल. मी तिथं होतो. तिकीट केवढ्याला पडलं ते मी आईला अजून सांगितलेलं नाही, त्यामुळं तुम्हालाही सांगत नाही, ती हा पॉडकास्ट ऐकते.

आता त्या कार्यक्रमाबद्दल खरं सांगतो. आदल्या दिवशी कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर जो राडा झाला, खुर्च्या बाटल्या मैदानात आल्या, तसलं मुंबईत काही झालं नाही. नीट पार पडलं. मेस्सी, सुआरेझ, डी पॉल आले. सचिननं त्याला दहा नंबरची जर्सी दिली. सुनील छेत्री होता. लहान पोरंपोरी मैदानावर होती, त्यांचं कौतुक झालं. पण ती मॅच नव्हती ना. सत्कार होता. मी ज्या स्टँडमध्ये होतो तिथून मेस्सी मला अंगठ्याच्या नखाएवढा दिसत होता. तरी ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडलो. २०२२ च्या फायनलला रूमवर जेवढा रडलो होतो तेवढा नाही, पण डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

आणि तिथून रात्रीच्या गाडीनं निघालो, पहाटे नगरला उतरलो. अहिल्यानगर म्हणायला पाहिजे आता, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. तिथून सकाळची बीडची ट्रेन.

बीडच्या बाहेरच्या लोकांसाठी थोडं थांबतो इथं. बीडला ट्रेन जाते हे वाक्य आमच्यासाठी नवीन आहे. नगर–बीड–परळी रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली ती १९९५ च्या सुमाराला, माझा जन्म व्हायच्या आधी. मी शाळेत गेलो, कॉलेजला गेलो, बीटेक झालो, नोकरीला लागलो, तरी ती येतच होती. आमच्याकडं एखादं काम होणारच नसेल तर म्हणायचे, ‘रेल्वे आल्यावर करू.’ २०२२ साली ती आष्टीपर्यंत आली. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, बीडच्या स्टेशनात पहिली प्रवासी गाडी लागली. हळू चालते, प्रत्येक ठिकाणी थांबते. एसटी कदाचित आधी पोचवेल. पण मी ठरवलेलं, पहिल्यांदा घरी ट्रेननं जायचं.

अंगात अर्जेंटिनाची जर्सी, वर जॅकेट, डोळ्यात झोप. समोरच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ. सत्तरी पार केलेली. स्वच्छ पांढरा शर्ट, स्वेटर, पायाशी कापडी पिशवी, तिच्यातून गुळाच्या ढेपेचा वास. डावा पाय सरळ लांब केलेला, माझ्या सीटच्या खालपर्यंत. मला वाटलं पाय काढतील. काढला नाही. म्हणाले, “वाकत न्हाई रं बाळ, राहू दे.”

गाडी सुटली. थोड्या वेळानं मी जॅकेट काढलं. त्यांनी जर्सीकडं बघितलं.

“बघायला गेलतास व्हय?”

मी म्हणलं, हो काका. आणि मग मी सुरूच झालो. फोन काढला, व्हिडिओ लावला. दहा एक्स झूम केलेला. पट्ट्यांच्या जर्सीतले, साध्या कपड्यातले, बॉडीगार्ड, नेते, पोरं, असे पंधरावीस ठिपके हिरव्यावर फिरतायत. काकांनी फोन लांब धरला, जवळ धरला. शांतपणे विचारलं, “ह्यातला कुठला?”

मी बोटानं दाखवला. मग मलाच शंका आली, तो डी पॉल असावा.

“खेळला का?”

म्हणलं, नाही, म्हणजे मॅच नव्हती.

“पेले आलता तवा खेळला. ७७ साली. कलकत्त्याला, ईडन गार्डनवर. मोहन बागानसंगं. दोन-दोन झाली.”

हे मला माहिती होतं. पेले न्यूयॉर्क कॉसमॉसबरोबर आला होता, २४ सप्टेंबर १९७७, मॅच २-२ सुटली होती. मी लगेच तारीख सांगितली, हुशारी दाखवायला. काकांनी मान हलवली. म्हणाले, “तारीख ठावं न्हाई मला. त्या साली मी कूपरेजला खेळत होतो.”

असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर तुरी उभ्या होत्या. मी विचारलं, काका, काय खेळत होता?

“फुटबॉल की. दुसरं काय खेळतात कूपरेजला?”

गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापूर म्हणलं की आपल्याला तांबडा-पांढरा आणि कुस्ती एवढंच आठवतं, पण कोल्हापूर हे महाराष्ट्रातलं फुटबॉलचं खरं गाव आहे. तिथं तालमीच्या नावानं फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठाच्या पेठा येतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. काका लहानपणी अनवाणी खेळले, पहिले बूट दुसऱ्याचे घातले, पुढं कापूस कोंबून. मग मुंबईला एका मामाच्या खोलीवर गेले, मैदानात कुणीतरी बघितलं, आणि रेल्वेत खेळाडू म्हणून भरती झाले. पद खलाशी. सकाळी कारखान्यात हजेरी, दुपारनंतर सराव, संध्याकाळी लोकलला लटकून खोलीवर.

मी विचारलं, म्हणजे प्रोफेशनल?

हसले. “नोकरी रं. फुटबॉल खेळलो म्हणून नोकरी लागली. नोकरी लागली म्हणून घरात पैसा गेला. बहिणींची लग्नं झाली. आणि काय प्रोफेशनल.”

हे आपल्या पिढीला कळत नाही म्हणून सांगतो. त्या काळात मुंबईचा फुटबॉल चालायचा तो ऑफिसांच्या आणि गिरण्यांच्या जिवावर. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्रा, बँका, रेल्वे. पगार कंपनीचा, जर्सी कंपनीची. रेल्वेचा संघ तर असा होता की १९६० च्या दशकात त्यांनी तीनदा संतोष ट्रॉफी जिंकली. राज्यांच्या स्पर्धेत एक खातं येऊन राज्यांना हरवून जायचं. पुढं गिरण्या गेल्या, कंपन्यांनी हात काढला. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि पाचेक वर्षांत संघच बंद केला. आणि ज्या आठवड्यात आपण मेस्सीच्या नावानं बेंबीच्या देठापासून ओरडत होतो ना, त्या आठवड्यात आपली आयएसएल सुरूच झाली नव्हती. लीग चालवायला पैसा घालणारा कोणी सापडत नव्हता. मी रविवारी स्टँडमध्ये बसून छेत्रीसाठी टाळ्या वाजवल्या तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि हाच तो छेत्री, ज्यानं २०१८ ला हात जोडून व्हिडिओ केला होता की आम्हाला शिव्या द्या पण मैदानात या. कारण त्याच्या आदल्या मॅचला अंधेरीत अडीच हजार माणूस आलं होतं.

बरं. गाडी कड्याच्या आसपास असेल. आता जे सांगणार आहे ते सांगायला मला थोडी लाज वाटते, पण त्यासाठीच हा एपिसोड आहे.

मला खरं वाटेना.

म्हणजे बघा, ट्रेनमध्ये भेटलेले सगळेच म्हातारे काही ना काही होते. कुणी मिलिटरीत होतं, कुणी यशवंतरावांबरोबर जेवलेलं असतं. माझ्या डोक्यात तेच आलं. काकांनी नाव सांगितलं होतं. मी फोन मांडीवर ठेवला, स्क्रीन थोडी आत वळवली आणि त्यांचं नाव, पुढं ‘फुटबॉल’, ‘रेल्वे’, ‘रोव्हर्स कप’ असं टाकून शोधलं. इंग्रजीत टाकलं, मराठीत टाकलं. स्पेलिंग बदलून टाकलं. नेटवर्क एक काडी, गोल फिरतंय. शेवटी आलं ते त्याच नावाच्या एका डेंटिस्टचं.

खिडकीच्या काचेत माझ्या फोनचा उजेड पडला होता.

“सापडलं का काय?” काकांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. मी काहीतरी बोललो, ऑफिसचं मेल बघत होतो वगैरे. ते म्हणाले, “न्हाई सापडायचं. नातवानं पण बघितलंय. त्याच्या शाळेत सांगितलं त्यानं, आजोबा फुटबॉल प्लेयर होते म्हणून. पोरं म्हणली, गूगलवर दाखव.”

पुढची काही मिनिटं आम्ही दोघंही बोललो नाही. शेंगावाला आला. मी दोन पुड्या घेतल्या. त्यांनी एक घेतली, म्हणलं तर माफी, म्हणलं तर शेंगा.

मग मीच विचारलं. काका, तुम्ही रोव्हर्समध्ये किती मॅच खेळलात?

रोव्हर्स कप माहीत नसेल तर: १८९१ ला मुंबईत सुरू झालेली स्पर्धा. ड्युरँड आणि शील्ड यांच्या तोलाची. कोलकात्याचे, हैदराबादचे, गोव्याचे, पंजाबचे संघ मुंबईला यायचे आणि कूपरेजवर माणूस मावायचा नाही. २००० नंतर बंद पडली. आता गंमत बघा, वानखेडेपासून कूपरेज चालत अर्ध्या तासावर नाही. मी आदल्या दिवशी त्याच भागात वडापाव खात हिंडत होतो. तिकडं बघितलंही नाही.

मला वाटलं काका सांगतील वीस, तीस. म्हणाले, “एक. एक पण पुरती न्हाई. शेवटची वीस मिनिटं. बदली म्हणून. समोर कलकत्त्याचा मोठा संघ. अकरा वेळा पाय लागला बॉलला.”

मी म्हणलं, मोजलेत?

“मोजायला काय लागतंय? अकरा तर हायेत.”

आणि आष्टी गेल्यापासून अमळनेर येईपर्यंत त्यांनी मला ते अकराच्या अकरा सांगितले. नुसते सांगितले नाहीत. शेंगांच्या पुडीचा कागद उलगडला, माझ्याकडून पेन घेतलं, मैदान काढलं, आणि कुठं उभे होते ते प्रत्येक वेळी टिंब देऊन दाखवलं. त्यांची जागा हाफची, म्हणजे मधल्या फळीत डावीकडं.

पहिला टच वाईट. आत गेल्या गेल्या थ्रो-इन यांच्याकडं आला आणि यांनी तो सरळ समोरच्याला दिला. “पाय लाकडागत झालतं.” दुसरा हेडर, उंच उडवून लावला कुठंतरी. तिसरा, चौथा, पाचवा, तिन्ही वेळा एकच गोष्ट, बॉल आला की डावीकडच्या आऊटला द्यायचा. “कोचनं सांगितलं होतं, तू शहाणपणा करू नको, त्याला दे.” सहावा त्यांनी हिसकावला. त्यांचा मोठा खेळाडू, देशाकडून खेळलेला, नाव त्यांनी सांगितलं पण मी घेत नाही, त्याच्या पायातून स्वच्छ काढून घेतला. तेव्हा गर्दीतून आवाज आला. काका म्हणाले, तो आवाज कसला होता ते सांगता येत नाही. मी म्हणलं, टाळ्या? म्हणाले, “न्हाई. ‘अरे!’ असा.”

सातवा आठवा साधे. नववा शॉट. पंचवीसेक यार्डावरून. कोचनं शहाणपणा करू नको सांगितलं असताना मारला. कीपरनं छातीवर आरामात धरला. “तुमच्या फोनात असता तर तुम्ही म्हणला असता, काय बंडल शॉट हाय. पण बसला होता बरोबर. पायाला कळतंय.” दहावा बॅकपास. आणि अकराव्याला शिट्टी झाली, मॅच संपली, बॉल गडगडत यांच्याकडं आला, यांनी तो हातानं उचलला आणि पंचाला नेऊन दिला.

मी म्हणलं, काका, तो कसा धराल? शिट्टीनंतरचा आहे. शिवाय हातानं.

“उचलायच्या आधी पायानं थांबवलाय,” असं म्हणाले, आणि टिंब दिलं.

मॅच हरले. दोन-शून्य.

आता मी काय काम करतो ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांचा डेटा इकडून तिकडं हलवतो. आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा डेटा घेऊन बसतो, छंद म्हणून. स्टॅट्सबॉम्ब नावाच्या कंपनीनं २०१९ मध्ये मेस्सीच्या बार्सिलोनातल्या ला लीगा मॅचेसचा डेटा फुकट खुला केला. कुणीही डाऊनलोड करू शकतं. त्यात मेस्सीनं बॉलचं जे जे काही केलं ते ते आहे. मैदानाच्या कुठल्या बिंदूवरून, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, कुठल्या पायानं, पास कुठं गेला. हजारो ओळी. मी त्यावर पायथॉन शिकलो. माझी पहिली नोकरी लागली तेव्हा इंटरव्ह्यूमध्ये तोच प्रोजेक्ट दाखवला होता. म्हणजे तसं बघितलं तर मेस्सीच्या पायावर माझं पोट भरलंय. काका म्हणाले ते माझ्या बाबतीतही खरंच आहे, फुटबॉलमुळं नोकरी लागली. (हसतो.)

आणि समोर हा माणूस, ज्याचे अकरा टच जगात फक्त एका ठिकाणी साठवलेत. त्याच्या डोक्यात. बॅकअप नाही.

मी कागद मागितला. दिला. मी विचारलं, रेकॉर्ड करू का, तुमच्या आवाजात सांगा, पॉडकास्टवर टाकतो. पॉडकास्ट म्हणजे काय ते समजावलं. रेडिओसारखं, पण फोनवर. विचार केला त्यांनी. मग म्हणाले, नको. आवाज नको, नाव पण नको.

का?

“नाव सांगितलंस की तुझी माणसं गूगल करणार. काय सापडणार न्हाई. मग म्हणणार म्हातारा थापा मारतोय. तू न्हाई का केलंस.”

मी काय बोलणार.

मग मी विषय बदलायला अविनाश साबळेचं सांगितलं. तुम्हाला माहीतच आहे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, स्टीपलचेसवाला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. गाडी त्याच्याच तालुक्यातून चालली होती. काकांना सगळं ठाऊक. “तो मिलिटरीचा,” म्हणाले. “आणि तुमच्या बीडचा तो बांगर, तो आमचा. रेल्वेचा.” संजय बांगरचा जन्म बीडचा. २००२ ला हेडिंग्लीला ढगाळ हवेत सलामीला येऊन ६८ केल्या, द्रविडबरोबर १७० ची भागीदारी, आणि मग सचिन-गांगुलीनं धुतलं, आपण डावानं जिंकलो, ती टेस्ट. रणजी खेळला तो कायम रेल्वेकडून. मी आयुष्यभर बांगरचा अभिमान बाळगला, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं की बीडला रेल्वे यायच्या कितीतरी वर्षं आधी बीडमध्ये जन्मलेला माणूस रेल्वेकडून खेळत होता. काकांना हे सांगितलं तर ते मोठ्यानं हसले. मग म्हणाले, “मी एवढी वर्षं रेल्वेत काढली. पोरगी दिली बीडला. आणि दर वेळी यायचो एसटीनं. जावई चेष्टा करायचा.” ते पहिल्यांदाच गाडीनं लेकीकडं चालले होते.

पायाचं विचारलं. मॅचमध्ये नाही गेला. साध्या सरावात, ओल्या मैदानावर, कुणीही न ढकलता. फिरले आणि गुडघा फिरला नाही. त्या काळात दुर्बिणीची ऑपरेशनं कुठली. प्लास्टर, मग एक मोठं ऑपरेशन, मग खुर्चीवरचं काम, स्टोअरमध्ये. नोकरी राहिली. हे त्यांनी दोनदा सांगितलं, नोकरी राहिली.

मधल्या एका स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली. बाजूला पोरं क्रिकेट खेळत होती, प्लास्टिकचा बॉल. आम्ही दारात उभे. बॉल प्लॅटफॉर्मवर गडगडत आला, अगदी काकांच्या पुढ्यात. मी तुम्हाला खरं सांगतो, माझा हात खिशातल्या फोनकडं गेला. पिक्चरमध्ये कसं होतं तसं. ‘मैदान’ बघितलेला ना मी. वाटलं आता काका बूट काढतील, एक टच, काय तो फर्स्ट टच. काकांनी पाय बाजूला घेतला, बॉल पुढं गेला, प्लॅटफॉर्मच्या कडेला अडकला. मी जाऊन फेकला. “वाकायचं कुणी,” म्हणाले.

रायमोह गेल्यावर त्यांनी मला एक प्रश्न विचारला. नेव्हिल डिसूझा माहीत आहे का?

तेच तर. मला मेस्सीचे आठही बॅलन डी’ऑर कुठल्या कुठल्या वर्षाचे ते पाठ आहेत. नेव्हिल डिसूझा मी ऐकलेला नव्हता. काका म्हणाले, मुंबईचा गडी. ऑलिंपिकात हॅटट्रिक. या वेळी मी उघड फोन काढला, त्यांना दाखवत शोधलं. १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. १ डिसेंबर. भारत ४, ऑस्ट्रेलिया २, त्यांच्याच देशात. नेव्हिलचे तीन. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल करणाऱ्यांत त्याचं नाव बरोबरीनं पहिलं, चार गोल. भारत सेमीफायनलला गेला, चौथा आला. टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळायचा. १९८० मध्ये गेला, वयाची पन्नाशीही न गाठता.

मी विचारलं, तुम्ही बघितलंय त्यांना?

“न्हाई. आम्ही कूपरेजला यायला लागलो तवर त्यांचं खेळणं संपलेलं. पण जुनी माणसं सांगायची, इथनं मारला होता, तिथनं मारला होता. बोट दाखवून. तिथं आता कोण न्हाई, नुसतं गवत. तरी आम्ही बघायचो.”

बीड आलं. जावई आणि नातू न्यायला आले होते. सेल्फी काढूया म्हणलं तर काका म्हणाले, “माझ्यासंगं? कशाला?” पण उभे राहिले, शर्ट नीट केला. नातवानं माझी जर्सी बघितली आणि मला विचारलं, तुम्ही मेस्सीला बघितलं का खरंच? मी हो म्हणलं. मग म्हणलं, तुझ्या आजोबांनी मला रोव्हर्स कपची मॅच सांगितली, अकरा टच. पोरगं लाजलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

घरी गेलो, झोपलो, उठल्यावर लॅपटॉप उघडला. शेंगांच्या तेलाचे डाग पडलेला तो कागद समोर ठेवला आणि फाईल केली. मेस्सीच्या डेटाला जे कॉलम आहेत तेच ठेवले. मिनिट, जागा, प्रकार, पाय, परिणाम. अकरा ओळी. मिनिटाच्या कॉलममध्ये अंदाज लिहावे लागले. अकरावी ओळ भरताना अडलो, कारण शिट्टीनंतरच्या टचला त्या पद्धतीत कोडच नाही. मी एक नवीन घातला.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. मला पुरावा पाहिजे होता. त्यांच्यासाठी पाहिजे होता की माझ्यासाठी, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. जानेवारीत ऑफिसच्या कामानं मुंबईला गेलो तेव्हा एका ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली असतात असं कळलं. साल आणि महिना काकांनी सांगितलेला होता. इथं सांगत नाही, तुमच्यातले हुशार लोक नाव शोधून काढतील. अर्धा दिवस गेला. कागद असा की पान उलटताना श्वास धरायचा. तिसऱ्या तासाला सापडलं, शेवटून दुसऱ्या पानावर, खाली कोपऱ्यात. सात ओळी. स्कोर दोन-शून्य, बरोबर. गोल करणाऱ्यांची नावं. पहिला गोल कसा झाला. आणि शेवटी एक वाक्य की उत्तरार्धात रेल्वेनं दोन खेळाडू बदलले, पण खेळात फरक पडला नाही.

नावं नाहीत.

बाहेर पायरीवर येऊन बसलो आणि काकांना फोन लावला. लेकीच्या फोनवर, तोच नंबर दिला होता. त्यांना वाचून दाखवलं, सातच्या सात ओळी, आणि म्हणलं, काका सॉरी, कोण बदलले ते छापलेलं नाही. दोघं बदलले, एवढंच आहे.

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“दोनच ना?” ते म्हणाले. “मग दुसरा मी.”